आधी वहीत, मग टेबलावर

मुलांनो, संगणकावर खेळायला कुणाकुणाला आवडतं? हात वर करा पाहू! आणि आता सांगा, खेळायचा संगणक स्वतःच्या हाताने जुळवायला कुणाला आवडेल?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिल्या प्रश्नाला माझ्या वर्गातले सगळे हात वर होतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "बाई, संगणक तर दुकानात तयार मिळतो ना?" मिळतो की! पण फ्रॉक जसा तयार मिळतो, तसा कापड आणून शिवताही येतो. संगणकाचंही तसंच आहे. त्याचे भाग सुटे मिळतात. ते आणून, घरच्या टेबलावर साध्या स्क्रूड्रायव्हरने जोडता येतात. पैसे मोजके असले, तर हा रस्ता फार उपयोगी, कारण कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडता घ्यायचा, ते आपण ठरवतो. पण निवड आपली म्हटली की जबाबदारीही आपलीच, बरं का!

आज तुम्हाला माझ्या भाचीने ही निवड कशी केली ते सांगते. आईबाबांनीही शेजारी बसून वाचावं. शेवटी खिशात हात त्यांनाच घालायचा असतो, खरं ना?

माझी भाची डोंबिवलीला राहते. २०२३ साली ती नववीत होती. तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, छापखान्यात मशीन चालवतात. आजीच्या भिशीचे, भाचीने साठवलेले आणि भाऊजींच्या बोनसचे असे सगळे मिळून ४०,००० रुपये जमणार होते. मॉनिटर, कीबोर्ड, सगळं त्यातच बसवायचं. "वर एक रुपयाही मागायचा नाही," असं ताईने आधीच बजावून ठेवलं होतं.

आता अशा वेळी मुलं काय करतात, ते आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. "अभ्यासासाठी हवाय" म्हणून सांगतात! ही पोरगी मात्र बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, अभ्यासालाही होईल. पण खरं सांगू? मला खेळायलाच हवाय."

भाऊजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस. आता एकेक रुपया कुठे जाणार ते मला कागदावर दाखव. मला पटलं तर घेऊ. नाही पटलं तर पैसे बँकेत."

झालं! तिने एक दोनशे पानी वही घेतली आणि कामाला लागली. मी सुट्टीत तिच्याकडे गेले, तेव्हा वहीची बरीच पानं भरली होती.

पहिल्या पानावर तिने एकाही भागाचं नाव लिहिलं नव्हतं. तिथे होती खेळांची यादी. माइनक्राफ्ट, मोटारींनी फुटबॉल खेळायचा रॉकेट लीग, आणि 'राजी'. 'राजी' हा खेळ आपल्या पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीत तयार झाला आणि २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला, हे तुम्हाला माहीत होतं का? आपल्या पुराणकथांवर बेतलेल्या त्या खेळाची नायिका आहे एक मुलगी. म्हणूनच तो माझ्या भाचीच्या यादीत पहिला!

यादी आधी का करायची? चपला घ्यायला जाताना पाय कुणाचा ते आधी ठरवावं लागतं, म्हणून! प्रत्येक खेळाला कमीत कमी कसा संगणक लागतो, ते खेळ विकणारे लिहून देतात. तिने ते प्रत्येक नावापुढे उतरवून घेतलं. यादीतला एकही खेळ फार दांडगा संगणक मागणारा नव्हता. बघा, पहिल्याच पानावर केवढे पैसे वाचले!

दुसऱ्या पानावर होतं गणित. मला तेच पान सगळ्यात आवडलं. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. नेहमीच्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. करा गुणाकार! २०,७३,६०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायला हवा, तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपके रंगवायचे. साडेबारा कोटींच्या आसपास! मोठ्या 'फोर के' पडद्यावर ठिपके याच्या बरोबर चौपट असतात, म्हणजे कामही तेवढंच वाढलं. तिने साधाच मॉनिटर घ्यायचं का ठरवलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पडदा जेवढा मोठ्या हौसेचा, तेवढा आतल्या यंत्राचा घाम जास्त.

आता संगणकाच्या आत डोकावू या. सोपं जावं म्हणून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा. रॅम म्हणजे ओटा. ओटा जेवढा ऐसपैस, तेवढ्या वस्तू एका वेळी हाताशी राहतात. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, तिथे सामान कायमचं भरून ठेवलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खास पोळ्या लाटायला ठेवलेला माणूस. त्याला दुसरं काही फारसं जमत नाही, पण एकाच तऱ्हेचं काम भराभर आणि ढिगाने करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. ते साडेबारा कोटी ठिपके रंगवण्याचं काम याचंच. मदरबोर्ड म्हणजे या सगळ्यांना जोडणारी घराची मांडणी. आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, हा झाला गॅस सिलिंडर. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो बिघडला तर सगळ्यांनाच उपाशी बसावं लागतं.

इथे आला तिचा चुलतभाऊ. कॉलेजात जाणारा, चार गोष्टी ऐकलेला. तो म्हणाला, "हे बघ, खेळायचं म्हणजे ग्राफिक्स कार्ड. निम्मे पैसे त्यात घाल. बाकी काय, मिळेल ते स्वस्तातलं घे." त्याचं अगदीच चुकत नव्हतं, बरं का. खेळाच्या संगणकात ग्राफिक्स कार्डाला मोठा मान असतो. त्याने सुचवलेलं आरएक्स ६६०० हे कार्ड चांगलंच होतं. त्या वेळी ते वीस हजारांच्या वर मिळत होतं. उरलेल्या वीस हजारांत मॉनिटरसकट बाकी सगळे भाग बसवायचे, म्हणजे कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस, इवलीशी रॅम आणि कुणाचा तरी जुना पडदा.

भाचीने दोन्ही याद्या भाऊजींपुढे ठेवल्या. भाऊजींना संगणकातलं काही कळत नाही. पण चाळीस हजारांची ती यादी त्यांनी नीट वाचली आणि म्हणाले, "आमच्याकडे ऑफसेट मशीन जोरात पळवता येते. पण शाई वाळायच्या आत वरचा कागद खालच्या कागदावर पडला, तर त्याच्या पाठीवर डाग उमटतात. सगळा माल रद्दी. मशीनचा वेग रोलर ठरवत नाही गं, शाई ठरवते. तुझ्या यात शाई कुठली ते शोध."

मुलांनो, मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं. संगणकाचा वेग त्याचा सगळ्यात महाग भाग ठरवत नाही. ज्या भागासाठी बाकीच्यांना थांबून राहावं लागतं, तो भाग ठरवतो. खो-खोच्या संघात एक जण वाऱ्यासारखा पळणारा असला आणि बाकीचे आठ जण वेळेवर उठतच नसले, तर सामना जिंकता येईल का?

मग तिने तिसरा रस्ता काढला. काही प्रोसेसरांच्या पोटातच छोटी ग्राफिक्स चिप असते. वेगळं कार्ड नसलं तरी चालतं. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ मध्ये आलेला प्रोसेसर असाच आहे. त्याला सहा कोअर आहेत, म्हणजे एका चिपवर काम करणारे जणू सहा जण. नावाच्या शेवटी जो 'जी' आहे ना, तो ग्राफिक्सचा. उलट इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'एफ' असतो. 'एफ' दिसला की समजावं, याच्या पोटात ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर घेतला आणि कार्ड घेतलंच नाही, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही! एका अक्षराची किंमत केवढी, बघा. म्हणून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं.

तिने ठरवलं ते असं: आज पोटातल्या ग्राफिक्सवर भागवायचं, चित्रांची सेटिंग थोडी खाली ठेवायची, आणि पुढे पैसे जमले की कार्ड बसवायचं. पण त्या उद्याच्या कार्डाची जागा मात्र आजच राखून ठेवायची. प्रवासात नाही का आपण रुमाल टाकून जागा धरत, तशी!

म्हणून तिने तीन ठिकाणी मन घट्ट केलं. पहिलं ठिकाण रॅम. एकूण १६ जीबी रॅम हवी होती. १६ची एक पट्टी घेता येते, किंवा ८-८च्या दोन. बेरीज तीच, मग फरक काय? दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते याच रॅममधला वाटा वापरतं. त्यामुळे दुसरी वाट उघडली की खेळाचा वेग चांगलाच वाढतो. तिने दोन पट्ट्या घेतल्या.

दुसरं ठिकाण एसएमपीएस. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. संगणकाच्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हा बदल करण्याचं काम एसएमपीएसचं. तो हलका असला आणि जळाला, तर जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकतो. तिने बेरीज मांडली. प्रोसेसर ६५ वॉट, उद्याचं कार्ड १३२ वॉट, बाकीच्यांना धरून अडीचशेच्या आसपास. कार्ड बनवणाऱ्यांनी ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता. तिने घेतला ५५० वॉटचा. त्यावर '८० प्लस' असा शिक्का होता. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्क्यांच्या आसपास वीज संगणकाला मिळते, उरलेली उष्णता होऊन जाते. हा शिक्का काटकसरीचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. म्हणून तिने वॉरंटीची वर्षंही पाहिली. पाच वर्षांची मिळाली.

तिसरं ठिकाण कॅबिनेट. रंगीत दिवे लुकलुकणारं नव्हे, तर पुढून जाळीचं, हवा खेळती राहील असं. उद्याच्या कार्डाची लांबी आत मावते की नाही, तेही तिने आधीच पाहून ठेवलं.

आणि काटकसर कुठे केली? ५०० जीबीची एसएसडी घेतली. ती केवढीशी असते माहीत आहे? तिच्या नावातच २२८० असं लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. मापं नावातच! प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा त्याच्या खोक्यातच आला. विंडोजसाठी पैसे नव्हते. चोरून टाकलेली विंडोज मात्र घ्यायची नाही, असं तिने स्वतःच ठरवलं आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली निवडली. यादीतले खेळ लिनक्सवर चालतात का, तेही एकेक करून तपासलं. काही प्रसिद्ध खेळ तिथे मुळीच चालत नाहीत, म्हणून हे आधीच पाहावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. तिथला लॅमिंग्टन रोड म्हणजे सुट्या भागांची पंढरी! रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण जुनं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. एका दुकानात शिरलो. दुकानदार भाऊजींशीच बोलत होते. "साहेब, मुलाला गेमिंग पाहिजे का?" भाऊजींनी नुसतं भाचीकडे बोट दाखवलं. तरी ते भाऊजींनाच बोर्ड दाखवत राहिले.

तेवढ्यात भाचीने वही उघडली आणि विचारलं, "काका, हा बी ४५० बोर्ड या प्रोसेसरच्या आधीचा आहे. यात ५६००जी ओळखणारा नवा बायोस टाकलेला आहे का?"

दुकानदारांचा हात थांबला. त्यांनी खोका उलटा करून त्यावरची चिठ्ठी वाचली. मग पहिल्यांदा तिच्याकडे वळून म्हणाले, "आहे बेटा. हा बघ शिक्का. अजून काय लिहिलंयस?" त्यानंतर पाऊण तास ते दोघंच बोलत होते. भाऊजी आणि मी बाजूला स्टुलावर!

बायोस म्हणजे बोर्डावरची जन्मजात सूचनावली. बोर्डाचा साचा, म्हणजे सॉकेट, प्रोसेसरशी जुळला पाहिजे. इथे दोघांचंही एएम४. शिवाय नवा पाहुणा कोण, ते बोर्डाला ठाऊक पाहिजे. सुटे भाग घेताना चांगला भाग कोणता, एवढं विचारून भागत नाही. कोणता कोणाशी जुळतो, हे विचारावं लागतं.

तिच्या वहीतला हिशेब असा होता. प्रोसेसर ११,५००. मदरबोर्ड ६,०००. रॅम ३,२००. एसएसडी २,७००. एसएमपीएस ३,८००. कॅबिनेट २,५००. मॉनिटर ७,०००. कीबोर्ड आणि माऊस ९००. करा बेरीज! ३७,६०० रुपये. शिल्लक २,४००. सगळ्याचं पक्कं बिल घेतलं, कारण वॉरंटीला तेच लागतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जुळवाजुळव. आधी तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकाकांकडून तपासून घेतलं. मग धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. या प्रोसेसरच्या खाली केसाएवढ्या बारीक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवला, की तो आपल्या वजनानेच अलगद बसतो. जोर लावायचा नाही! रॅमचं मात्र उलटं. ती 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. शेवटी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग ३,२०० केला. हे करायला पुष्कळ जण विसरतात, आणि पूर्ण वेगाचे पैसे देऊन रॅम कमी वेगाने चालवत बसतात.

रात्री 'राजी' सुरू झाला. भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि तासभर उठलेच नाहीत. ताईने हाक मारली तर म्हणाले, "थांब, एवढा राक्षस होऊ दे!"

२०२५च्या उन्हाळ्यात भाचीने गल्लीतल्या लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. त्या पैशांतून तेच आरएक्स ६६०० कार्ड, वापरलेलं, पण समोर चालवून बघून घेतलं. कॅबिनेटमध्ये मावलं. एसएमपीएसमध्ये त्याच्यासाठीची आठ पिनांची वायर वाट बघतच होती. दुसरा एकही भाग बदलावा लागला नाही. दोन वर्षांपूर्वी टाकलेला रुमाल असा कामी आला.

एक सांगायला हवं. वर दिलेले भाव २०२३चे आहेत. हा बाजार भाजी मंडईसारखा हलतो. २०२१ मध्ये चिपांची टंचाई होती आणि आभासी चलन कमावणारे लोक ग्राफिक्स कार्डं पोत्याने उचलत होते, तेव्हा कार्डांचे भाव आकाशाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, त्या कामाला कार्डं लागेनाशी झाली आणि भाव उतरले. २०२५च्या अखेरीस पाळी आली रॅमची. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रं मेमरीच्या चिपा ओढू लागली आणि रॅम कडाडली. म्हणून भाचीची यादी जशीच्या तशी उतरवू नका. उतरवायचीच असेल, तर तिची पद्धत उतरवा.

तर मग, आता एक वही घ्या. संगणक आज घ्यायचा नसला तरी चालेल. पहिल्या पानावर लिहा, मला नेमकं काय करायचं आहे. खरं लिहा, आईबाबांना आवडेल असं नको! दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा: आज लागणारे भाग, उद्या वाढवता येतील असे भाग, आणि एकदा घेतले की सहसा बदलत नाहीत असे भाग. तिसऱ्या रकान्यातल्या भागांना आधी पैसे द्या. मग शेजारी भाव लिहा आणि बेरीज करा. पैशांच्या बाहेर गेली, तर खोडा आणि पुन्हा मांडा. खोडरबर स्वस्त आहे, प्रोसेसर महाग!

आणि आईबाबा, मुलाने अशी वही तुमच्यापुढे ठेवली, तर "खेळायला एवढे पैसे कशाला?" असं म्हणण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत वाचा. भाऊजींनी वाचली, म्हणून त्या दुकानात त्यांना निवांत स्टुलावर बसता आलं.